मुक्कामी गाडीची भाकरी

बोरखडीत किती माणसं राहतात, हे सरकारी कागदावर कुठंतरी लिहिलेलं असेलच. मी ते कधी बघायला गेलो नाही. त्या गावची वस्ती मला भाकरीवरून कळायची, आणि ती भाकरी घेऊन यायची गयाआक्का.

मी एसटीत कंडक्टर होतो. मूळचा भूम तालुक्यातल्या ईटचा, पण नोकरीची शेवटची वर्षं परंड्याकडच्या रस्त्यांवर गेली. दिवसभर उभं राहून, धक्के खात, लोकांच्या तोंडी लागून माणूस तिरसट होतो. मी जरा जास्तच झालो होतो. आमची मंडळी म्हणायची, ह्यांना वरणात मीठ कमी पडलं तरी घंटी मारतात. असल्या माणसाला बोरखडीच्या मुक्कामाची ड्युटी लागली तेव्हा मी चांगलाच भांडलो. कोण झोपणार त्या बाभळीत जाऊन? जोडीचे ड्रायव्हर रशीदभाई शांत माणूस. ते एवढंच म्हणाले, "चला तर खरं मास्तर. गाव जेवू घालतंय म्हणतात."

परंड्याहून सोनारीच्या रस्त्याला लागलं की मध्ये एक फाटा येतो. तिथून आत वळायचं. दोन्ही अंगाला वेड्या बाभळी, मध्ये नावाला डांबर, एक नळकांड्याचा पूल, आणि रस्ता संपतो तिथं मारुतीचा पार. पारापाशीच बोरखडी. गाडी दिवस मावळताना तिथं पोचायची, रात्रभर उभी राहायची आणि उजाडताना परंड्याला निघायची. गावाला तेवढीच एक गाडी. रशीदभाई गाडीतच झोपायचे, कारण गाडीला एकटं सोडायचं नाही असं त्यांचं मत होतं. मी देवळाच्या ओसरीत पडायचो.

ड्रायव्हर-कंडक्टरला जेवण गावानं द्यायचं, हा तिथला जुना रिवाज. घरटी बारी असायची. आज ह्या घरची भाकरी, उद्या त्या घरची. अशी बारी ठरवायला गयाआक्काला कुणी नेमलं नव्हतं. पण गाडी वळून उभी राहिली की ती पारापाशी हजर असायची. उंच, वाळलेली बाई. नऊवारी लुगडं, पायात मुलाच्या जुन्या चपला, आणि कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. ती चालायला लागली की आधी किल्ल्या ऐकू यायच्या.

"आज दगडूच्या घरची बारी हाय बगा," ती सांगायची. "त्येची बायकू कालवणात तिखट जरा वाढवती. पाणी संगं ठिवा."

किल्ल्यांचं मला आधी नवल वाटलं. नंतर कळलं. कुणी पुण्याला गेलं, कुणी चाकणला कंपनीत, कुणी दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला. जाताना जो तो दाराला कुलूप घालायचा आणि किल्ली आक्काकडं द्यायचा. एखादी सून कुलूप लावून रडत उभी राहिली की आक्का म्हणायची, "आगं, घर काय पळून जातंय व्हय? म्या हाय न्हवं." आणि ती किल्ली जुडग्यात ओवायची.

सोनारीला काळभैरवाची यात्रा भरली की त्या किल्ल्या सुटायच्या. पुण्याची माणसं यायची, दारं उघडायची, पोरं पारावर उड्या मारायची, आमच्या गाडीत उभं राहायला जागा नसायची. आक्काची कंबर तेवढे दोन दिवस रिकामी. मला मुद्दाम ऐकवायची, "बगितलं का मास्तर, गाव किती भरलंय?" यात्रा सरली की पुन्हा एकेक जण यायचा, किल्ली हातावर ठेवायचा, पाया पडायचा आणि आमच्याच गाडीत बसून जायचा. ह्या माणसांना नेण्याचं तिकीट मीच फाडत होतो, ह्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. नंतर वाटायला लागलं.

तिला रस्त्याचं भारी वेड. बोरखडीत रस्त्यावर कुणी पीक पसरायचं नाही. बाकीच्या गावांत बघा, तूर म्हणू नका, करडई म्हणू नका, सगळं डांबरावर, आणि आम्ही वरून गाडी न्यायची म्हणजे फुकटची मळणी. इथं एकदा एकानं तूर पसरली. आक्का गेली आणि स्वतःच्या हातानं ती कडेला ओढायला लागली. तो वैतागला.

"आक्का, गाडीला आजून चार तास हायती."

"मंग चार तास रिकामा राहू दे की."

"रस्ता काय गाडीच्या नावावर हाय का?"

"व्हय," आक्का म्हणाली, "तिच्याच नावावर हाय. तुज्या सातबाऱ्यावर आसला तर दाव."

ती स्वतः कधी रस्त्याच्या मधून चालायची नाही. अगदी बाभळीचे काटे लुगड्याला लागतील अशी कडेनं जायची, आणि पोरं, शेळ्या, म्हातारी माणसं, जो मध्ये दिसेल त्याला हाकलायची. "कडंनं चाल रं, गाडी येतीया." गाडी परंड्यातून निघालेलीसुद्धा नसायची.

एवढी ओढ कशासाठी, हे मला मीरामुळं समजलं. मीरा तिची सून. आक्काचा एकुलता मुलगा आजारपणात गेला, तेव्हा मीराचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. मूलबाळ नाही. मीराचा भाऊ कुर्डुवाडीहून तिला न्यायला आला होता. मीरा म्हणाली, मला इथंच राहायचंय. आक्कानं तिला परंड्यात एका खासगी दवाखान्यात कामाला लावलं. सकाळी आमच्या गाडीनं जायची, संध्याकाळी आमच्याच गाडीनं यायची. भाऊ तरी कुरकुर करायचा, तरणी बाई, लोक काय म्हणतील. आक्कानं त्याला एकच उत्तर दिलं होतं. रोज दिवे लागायच्या आत घरी येती, मग कुणाला काय म्हणायचंय? गाडी होती तोवर ह्या उत्तराला तोड नव्हती.

संध्याकाळी मीरा उतरली की आक्का तिच्याशी बोलायची नाही. तिला डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघून घ्यायची, हातातला डबा काढून घ्यायची आणि कुणाला तरी सांगायची, "आली व्हय गाडी." सून आली असं म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. मीराही मागनं गुमान चालायची आणि तिचं सगळं बोलणं घरी चुलीपुढं व्हायचं. देवळाच्या ओसरीत मला त्या दोघींचं हसू ऐकू यायचं. सासू-सुनेचं तसलं हसू मी माझ्या घरात कधी ऐकलं नाही, हेही सांगून टाकतो.

आता भाकरीचं सांगतो. मी गेलो त्या वर्षी एका घरची बारी पुन्हा यायला दीडेक महिना लागत असेल. पुढं महिन्यावर आली. मग पंधरा दिवसांवर. गावात माणसं कमी झाली की बारी लवकर फिरते, साधी गोष्ट आहे. पण एका उन्हाळ्यात ते उलटंच झालं. आक्का रोज नवीन घर सांगायला लागली. आज भीमरावाची, उद्या निवृत्तीची, परवा अंकुशची. मला वाटलं, चला, माणसं परत यायला लागली वाटतं.

एका संध्याकाळी आक्का ताटं घेऊन आली. "आज निवृत्तीच्या घरची बारी," म्हणाली. मी ताट पुढं ओढलं. आपल्याकडं लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव कोरलेलं असतं. ताटाच्या काठावर नाव होतं अंकुशचं. वाटीवर तिसऱ्याच कुणाचं. मी निवृत्तीच्या घराकडं पाहिलं. पारावरून ते दार सरळ दिसायचं. दाराला कुलूप होतं, कुलपावर धूळ. अंकुशचं तर छप्परही एका बाजूनं बसलं होतं.

आक्का लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती. ती बंद घरं उघडायची, हाताला येईल ते भांडं घ्यायची, घासायची, आणि स्वतःच्या चुलीवर केलेली भाकरी त्यात घालून गावातल्या माणसांच्या नावानं आम्हाला वाढायची. दुसऱ्या दिवशी भांडं पुन्हा जागेवर.

मी तोंड उघडणार तेवढ्यात रशीदभाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी ते आधीच ओळखलं होतं. आक्का भांडी घेऊन गेल्यावर म्हणाले, "मास्तर, दोन महिने एकाच हाताची भाकरी खातोय आपण. तुम्हाला आज कळलं होय?"

"पण कशासाठी हा खटाटोप?"

"तुम्हीच विचारा. पण वेडंवाकडं नका विचारू."

मी कधी नव्हे ते गोड बोलून विचारलं. भांड्यांचं नाही काढलं, नुसतं म्हणालो, आक्का, एखाद्या दिवशी बारी चुकली तर चालतंय, आम्ही चिवडा खाऊन झोपू. तर ती घाबरलीच.

"आसं बोलू नगा मास्तर. पलीकडल्या वाडीला मुक्कामी गाडी व्हती. भावकीचं भांडान झालं आन् एका राती गाडीवाल्यांस्नी कुणीच जेवाय घातलं न्हाय. उपाशी झोपले बिचारे. फुडच्या वर्साला गाडी गेली. जित्तं गाव आसंल तर घराघरातनं भाकरी येती. एकाच घरची याय लागली की वर कळतंय, गाव मेलं म्हणून."

पलीकडच्या वाडीची गाडी बंद झाली ती बसायला माणसं नव्हती म्हणून. भाकरीचा आणि गाडीचा काही संबंध नाही, वर कुणी भाकऱ्या मोजत नाही, हे मला सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. त्यानंतर आम्ही दोघं रोज विचारायचो, "आज कुणाची बारी, आक्का?" आणि ती सांगेल त्या घराचं नाव घेऊन जेवायचो. रशीदभाई तर वर सांगायचे, "निवृत्तीच्या मंडळींना म्हणावं, ठेचा झकास झालाय." आक्का म्हणायची, "सांगते की." तिचा चेहरा उजळायचा.

रोज्यांच्या महिन्यात तिनं हद्द केली. रशीदभाई रोजा धरायचे. पहाटे, अजून अंधार असताना, किल्ल्या वाजल्या. बघतो तर आक्का गरम भाकरी, दूध आणि गूळ घेऊन गाडीच्या दारात. "रशीदभाई, उठा. तुमची येळ व्हईल." पूर्ण महिनाभर ती अशी उठली. त्यातही रोज वेगळ्या घराचं नाव सांगायची, हे विशेष. ईदला रशीदभाईंनी तिच्यासाठी परंड्याहून शिरखुर्मा आणला. तिनं तो मीराबरोबर खाल्ला आणि किटली घासून परत दिली. रिकामी नाही दिली, त्यात शेंगा घातल्या होत्या.

मग एकदा वरून एक साहेब सकाळीच जीपनं आले. गाडीत माणसं किती बसतात ते बघायला. आक्काला आदल्या दिवशी कळलं, बहुतेक मीच सांगितलं असेल. सकाळी बघतो तर पार माणसांनी भरलेला. गावात उरलेली सगळी म्हातारी माणसं, धुतलेली धोतरं, डोक्याला पटके, बायकांच्या हातात पिशव्या. आक्कानं घरोघरी जाऊन काढलं होतं त्यांना. गाडी भरली. मला इतका आनंद झाला की मी कुणावर खेकसलोसुद्धा नाही.

साहेब एका आजोबांच्या शेजारी बसले होते. विचारलं, "बाबा, कुठं निघालात?"

"परंड्याला."

"काय काम काढलं?"

आजोबांना खोटं बोलायची सवय नव्हती. ते म्हणाले, "काम काय न्हाय. गाडी ऱ्हावी म्हणून चाललोय."

ती म्हातारी माणसं परंड्याच्या स्टँडवर दिवसभर बाकड्यांवर बसून राहिली, संध्याकाळी आमच्याच गाडीनं परत आली. साहेबही आले. पारावर आक्कानं त्यांना जेवायला वाढलं. भरली वांगी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. सात-आठ घरांची नावं असलेली भांडी समोर मांडली होती. साहेब भला माणूस होता, पोटभर जेवला, आक्काला नमस्कार करून पारापाशी ठेवलेल्या जीपनं गेला. आक्का मला म्हणाली, "तीन भाकरी खाल्ल्या त्येनं. आता कशाची जाती गाडी!"

गाडी गेली. पावसाळा सरल्यावर कागद आला. बोरखडीचा मुक्काम बंद, गाडी फाट्यावरून सरळ पुढं जाणार. त्यात त्या साहेबाचीही काही चूक होती असं मला वाटत नाही. एरवी रोज सकाळी गाडीत बसायचं कोण? मीरा, शाळेच्या दोन पोरी, दवाखान्याला निघालेला एखादा म्हातारा. त्या पोरींनाही पुढं त्यांच्या मामाकडं ठेवलं. फाट्यापासून गावापर्यंत बाभळीचा रस्ता, दिवस मावळल्यावर एकट्या बाईनं तो कसा तुडवायचा? मीराच्या भावानं निरोप धाडला, एक तर परंड्यात खोली घे, नाही तर कुर्डुवाडीला ये. आक्कानं स्वतःच खोली घ्यायला सांगितलं. मीरा रडून सांगत होती, आत्याबाई, तुम्हीपण चला. आक्का हलली नाही. "इतक्या लोकांच्या किल्ल्या हायत माज्याकडं. दिवाळीला कुणी आलं तर दार कुणी उघडायचं?"

शेवटच्या मुक्कामाला आम्ही गेलो. पारापाशी गाडी वळवताना रशीदभाईंनी नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. मीरा उतरली. आक्कानं तिला बघून घेतलं, डबा घेतला. "आली व्हय गाडी," हे मात्र त्या दिवशी नाही म्हणाली.

जेवण घेऊन आली ती पितळेच्या ताटांत. जुनी, काठाला पोचे पडलेली, कल्हई उडालेली. मी नकळत काठ फिरवून पाहिला. कुणाचंच नाव नव्हतं.

रशीदभाईंनी घसा साफ केला. रोजचा प्रश्न होता, विचारल्याशिवाय जेवायचं कसं? "आज कुणाची बारी, आक्का?"

आक्का खाली बसली. आमच्यापुढं ती कधी बसायची नाही.

"माजी," ती म्हणाली. "आज माजी बारी हाय."

आम्ही जेवायला लागलो. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मास्तर, तुमाला वाचाय येतंय न्हवं?"

"येतं."

"मंग इतकं दीस भांड्यावरची नावं वाचली आसतील."

रशीदभाई म्हणाले, "आक्का, भुकेच्या वेळी कोण वाचत बसतंय?"

ती हसली, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून बसली. मग म्हणाली, "माजं कुठं चुकलं वं? जेवनात काय कमी पडलं का?"

"जेवणात काही कमी नव्हतं, आक्का," मी म्हणालो. "माणसं कमी पडली."

"भाकरी करता येती," आक्का म्हणाली. "मानसं कुठनं आणू?"

मी तांब्या उचलून हात धुवायला बाजूला गेलो.

सकाळी मीरा एक बॅग आणि एक गाठोडं घेऊन आली. आक्का तिच्याबरोबर गाडीत चढली. इतक्या वर्षांत ती आमच्या गाडीत बसलेली मी पाहिली नव्हती. साहेब आले होते त्या दिवशीसुद्धा ती भाकरीसाठी मागं राहिली होती.

"कुठं, आक्का?"

"फाट्यापतोर. तिकीट द्या."

"तुमच्या वयाला तिकीट लागत नाही."

"लागंना. द्या तुमी. पुरं द्या."

मी दिलं. तिनं ते नीट घडी करून किल्ल्यांच्या जुडग्यापाशी कनवटीला खोचलं. मीराचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली. मीरा बाहेर बघत होती, आक्का समोर. रशीदभाईंनी गाडी इतकी हळू चालवली की बाभळीवरचे होलेसुद्धा उडाले नाहीत.

फाटा आला. आक्का उतरली, गाठोडं वर मीराच्या हातात दिलं. मीरा तिच्यामागं पायरीपर्यंत आली.

"तू कुठं निगाली?" आक्का म्हणाली. "तुजी गाडी चालू हाय आजून. बस वर."

रशीदभाई गिअर टाकीनात. मीही घंटीच्या दोरीला हात लावून उभा होतो. शेवटी आक्काच म्हणाली, "मारा घंटी, मास्तर. उशीर व्हतोय लोकांना."

मी घंटी मारली. दोनदा.

गाडी डांबरी हमरस्त्याला लागताना मी मागं जाऊन मागच्या काचेतून पाहिलं. आक्का गावाकडं निघाली होती. हात कमरेच्या किल्ल्यांवर होता. आता ओरडायला रस्त्यात कुणी पोर नव्हतं, शेळी नव्हती. बाभळी दोन्ही बाजूंना होत्या, आणि ती रस्त्याच्या बरोबर मधून चालत होती.